कौस्तुभच्या आवाजात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नकला करणारा पोरगा कबुली देतोय म्हटल्यावर तुम्ही हसायच्या तयारीत बसला असाल. किंवा मेडिकल कॉलेज, त्यात कोलकाता — म्हणजे शवागारातलं भूत येणार. नाही येणार. भूत असतं तर बरं झालं असतं, सगळं त्याच्यावर ढकललं असतं.

मी बार्शीचा. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात अख्खा वर्ग घरी सोडला होता एकदा. इथे तीच कला हजेरीला लागली. वॉर्डात सर मान वर न करता नावं घेतात. 'प्रेझेंट सर' ऐकू आलं की पुढे. एक दिवस जरी बुडवला तरी दुपारी ऑफिसातून घरी फोन जातो — म्हणून माझ्या घशाला भलती मागणी. एका चहात काम व्हायचं.

कौस्तुभचा आवाज सगळ्यात सोपा. वडील बँकेत, तो इथल्याच बेहाला भागात वाढलेला. मराठी बोलताना शब्द शोधत थांबायचा, 'सर'चं हलकेच 'शर' व्हायचं. त्याचे आईबाबा एका लग्नाला नागपूरला गेले होते. एका दुपारी वॉर्डात तो म्हणाला, "अंग तापलंय रे. उद्या माझी हजेरी मार ना."

"ताप? नाव काय तिचं?"

तो हसलाच नाही. जाताना फोन माझ्या बॅगेतच विसरला.

मी हजेरी मारली. पुढच्या दिवशीही मारली. फोन नेऊन द्यायचा होता — पण बेहाला लांब, आणि खरं सांगू? कंटाळा.

मग कँटीनमध्ये त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'. खरं बोललो असतो तर हजेरीचं फुटलं असतं — आणि टेबलाभोवतीची पोरं माझ्याकडेच बघत होती. मी उचलला. त्याच्या आवाजात म्हणालो, "बरा आहे गं आई. जेवलो. वॉर्डात आहे." पोरं तोंड दाबून हसत होती. मग — हे मी ठरवलं नव्हतं, खरंच — तोच आवाज म्हणाला, "आई, तू कधी येणार?"

"काय रे, आज फार लाडात आलायस!" काकू हसल्या.

टेबलावर कुणीच हसेना. तो प्रश्न मी विचारला होता का?

मानेवर काटा आला. म्हणून — फक्त म्हणून — संध्याकाळी बेहाला गाठलं. बेल वाजवली. आत नळ वाहत होता. खालच्या मजल्यावरच्या बौदींकडे — इथे वहिनीला बौदी म्हणतात — किल्ली होती. कौस्तुभ बाथरूमच्या दाराशी पडलेला, ओठ हलत होते. मी कान लावला. "आई, तू कधी येणार?" तोच सूर. तीच ओढ, 'कधी'वरची.

बौदी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवत होत्या. आणि मी काय केलं माहितीये? त्याचा फोन त्याच्या उशीखाली सरकवला.

तो वाचला. घशात नळी बरेच दिवस होती. आता आवाज खरखरीत, न ओळखता येणारा. जुना आवाज फक्त माझ्याकडे उरलाय. कधीकधी तो आपला आपण निघतो — गुळण्या करताना, ऑटोवाल्याला थांबवताना. मी तोंड घट्ट मिटून घेतो.

त्याला बोलता यायला लागल्यावर काकू त्याच्यावरच चिडल्या. "बरा आहे म्हणालास, म्हणून मी तिकडे निवांत मेंदी काढत बसले!" फोन कुठे ठेवला होता, त्याला काहीच आठवत नव्हतं. "तापात बोललो असेन गं. तू कधी येणार विचारलं, ते आठवतंय मला." मान खाली घालून त्यानं माफी मागितली. कँटीनमधल्या पोरांनीही तोंड उघडलं नव्हतं — हसण्यात तीही सामील होती. मी समोर बसून काकूंनी आणलेले पोहे खात होतो. एकदाही थांबलो नाही.

हजेरीचं मात्र फुटलंच. ऑफिसातून कळल्यावर काकूंनी मला हॉस्पिटलच्या जिन्यातच धरलं.

"नकला करतोस? माझा मुलगा जमिनीवर पडलेला, आणि तू त्याच्या नावानं हजर म्हणतोस? ऑफिसातून फोन आला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं मला! तो माझ्याशी खोटं बोलला, ते तापात बोलला. तू तर शुद्धीवर होतास ना?"