पक्ष्यांच्या जमिनीची मोजणी

निवड झाल्याचा मेल आला तेव्हा मी महापेच्या ऑफिसात गॅसच्या पाइपलाइनचा नकाशा सुधारत बसले होते. मेल वाचला, परत वाचला, आणि बाथरूममध्ये जाऊन चक्क नाचले. सफाईवाल्या मावशी बादली घेऊन आत आल्या आणि बघतच राहिल्या. "काय झालं गो बाय, लगीन ठरला का?" मी म्हटलं, "त्याच्याहून भारी, मावशी!" परदेशात, पार समुद्राच्या मध्यावर, जिथे माणूस राहतच नाही अशा एका बेटावर मला स्वयंसेवक म्हणून नकाशाचं काम मिळालं होतं. पगार नव्हता. तिकीट आणि जेवण ते देणार होते. तिकीट दिलं नसतं तर मी पोहत गेले असते, त्या दिवशी अंगात तेवढं आलं होतं.

काम असं होतं. त्या बेटावर समुद्रपक्षी जमिनीत बिळं करून अंडी घालतात. पूर्वी कधीतरी जहाजांतून उंदीर उतरले आणि अंडी-पिल्लं फस्त करत सुटले. उंदीर संपवायचे तर बेटाचा एकेक तुकडा पायाखाली घालायला हवा, आणि कुठला तुकडा झाला, कुठला राहिला हे रोज नकाशावर भरायला कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे मी.

तळवलीला घरी पोचेपर्यंत मी हवेतच होते. आई भाकरी थापत होती, बाबा चहा पीत होते. मी दारातूनच ओरडले, "मी बेटावर मोजणीला चाललेय!"

झालं. सर्व्हे, नकाशा, डेटा, जीपीएस, एवढे शब्द जगात पडले होते. माझ्या तोंडात नेमका मोजणीच आला.

बाबांच्या तरुणपणी नवं शहर वसवायला आमची शेती गेली. आधी फीत घेतलेली माणसं आली, त्यांनी बांधावर झेंड्या रोवल्या, आणि मागाहून शेतं गेली. तेव्हापासून मोजणाऱ्या माणसाचं आणि बाबांचं जमत नाही. शिंपी शर्टाचं माप घ्यायला आला तरी ते फितीकडे डोळे बारीक करून बघतात. मोबदल्यातल्या प्लॉटवर जी बिल्डिंग उठली तिच्या भाड्यावर मी शिकले, आणि शिकून केलं काय तर हेच. याची मला गंमत वाटायची. बाबांना ती कधी वाटली नाही.

"कुनाची जमीन मोजाया चाललीस?"

"कुनाची नाय, बाबा. पक्ष्यांची."

"पक्ष्यांना इचारलंस?"

आईने तोंडाला पदर लावला. मलाही हसू फुटलं, आणि तिथेच सगळं बिनसलं. बाबा उठले. "आधी मोजतात, मंग नेतात," एवढं म्हणाले आणि त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. मी त्यांना मोबाइलवर पक्ष्यांचे फोटो दाखवले, उंदरांचे दाखवले. ते टीव्ही बघत राहिले. टीव्ही बंद होता.

निघायच्या दिवशी अख्खी आळी मला पोचवायला रस्त्यावर आली. काकीने सुकटीची पिशवी बॅगेत कोंबली. बाबा मात्र सकाळीच देवळात जाऊन बसले ते आलेच नाहीत. मला जायची इतकी घाई आणि इतका आनंद की विमानतळापर्यंत मी बडबडतच होते. विमानात पट्टा लावल्यावर बाबा आठवले. त्यांनी नुसतं 'जा' म्हटलेलं मला हवं होतं. एवढंच हवं होतं, आणि ते नसताना मी निघाले होते. मग विमान उडालं आणि मी खिडकीला नाक लावलं.

बेटावर जायला छोटी बोट होती. सोबतच्या लोकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही लहानपणापासून मोरा बंदरातून लाँचने मुंबईला जाणारे, आम्हाला समुद्राचं काय! सगळ्यांत आधी ओकले ती मीच. उतरायच्या आधी बॅगा उलट्यापालट्या करून तपासल्या. बाहेरचं बी नको, किडा नको. त्यात काकीची सुकट गेली. तपासणारी पक्षीतज्ज्ञ बाई सहा फुटी, धिप्पाड, पण तो वास घेतल्यावर तिला बाकावर बसावं लागलं.

आणि मग ते बेट! पक्षी माणसाला घाबरतच नाहीत. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले की एक जण येऊन माझ्या बुटाची नाडी ओढायचा. मी कामात चुका करायचे आणि एकटीच हसायचे. इतकी खूश मी कधी नव्हते.

बेटाचे तुकडे पाडून मी त्यांना नंबर दिले होते. पण वॉकीटॉकीवर पाच देशांचे पाच उच्चार. 'फिफ्टीन' म्हटलं की निम्मे लोक 'फिफ्टी'कडे चालू लागायचे. टीमचे म्होरके वैतागले. "नंबर काढ आणि नावं दे. छोटी, वेगवेगळी. तात्पुरती. आत्ता!"

आत्ता म्हणजे आत्ता. कर्सर लुकलुकत होता, आणि माझ्या बोटांतून आमच्या शेतांची नावं उतरली. लांबी. खारी. धाकटी. उंबराची. ही शेतं मी कधी पाहिलेली नाहीत, पण रिक्षात बसलं की बाबा दाखवायचे, "यो सिग्नल हाय ना, ही आपली लांबी. यो पेट्रोल पंप म्हंजे उंबराची." रिक्षावाला साताऱ्याकडचा असला तर मान बाहेर काढून बघायचा. "काका, उंबर कुठाय पण?"

दोन दिवसांत बेटभर तेच चालू झालं. लॅम्बी, कारी, डाक्टी, अंब्राची. पक्षीतज्ज्ञ बाईला वाटलं डाक्टी ही आमची देवी असणार. ती तिथे जाताना हात जोडायला लागली, आणि मी तिला बरेच दिवस सांगितलंच नाही.

एका दुपारी कॅम्पच्या खोलीत सॅटेलाइटवरून आईचा व्हिडिओ कॉल लागला. आई बोलत होती, मागे बाबांचे फक्त गुडघे दिसत होते. नेहमीसारखेच गप्प गुडघे. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला. "लॅम्बी क्लिअर! गोइंग टू कारी!"

गुडघे हलले.

"लांबीत कोन शिरलाय?"

कित्येक दिवसांनी ऐकलेला तो आवाज. माझ्या मनात लाडू फुटले. "आपला मानूस हाय, बाबा. उंदीर शोधतोय."

"लांबीत उंदीर व्हतेच. बांध पोखरून टाकायचे," असं म्हणत त्यांनी आईच्या हातातून फोन ओढला. पडदाभर कपाळ. मी फोन भिंतीवरच्या नकाशावर धरला आणि एकेक नाव वाचून दाखवलं. वाचताना माझा आवाज उड्या मारत होता.

"धाकटी येवढी मोठी कशी?"

"चुकलं, बाबा."

"ऱ्हाऊ दे. वाढली असंल." कपाळ थोडं मागे गेलं आणि डोळे दिसले. "खारीत पानी येतं का?"

"येतं. भरतीला."

"मंग बराबर." त्यांनी डोळे बारीक करून नकाशा बघितला. "ही पन नेनार का कोनी?"

"नाय बाबा. ही पक्ष्यांचीच ऱ्हानार. सगली."

फोन आईकडे गेला, आणि बाबांनी दारातली चप्पल पायात सरकवल्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन त्या नाडी ओढणाऱ्या पक्ष्याला सगळी हकिगत सांगितली, अगदी अभिनयासकट.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. बाबांचा कळंबोलीला लोखंडाचा गाळा असलेला दोस्त चहाला आला होता. त्याने विचारलं, "पोरगी दिसत नाय कंदी, कुठं हाय?" आई 'परदेशात' म्हणायला तोंड उघडते न उघडते तोच बाबा म्हणाले,

"शेतावं गेलीय. कापनी झाली का येल."