ऑसिलोस्कोपवरचा जवळा

आज जव्हारच्या बाजारात सुक्या जवळ्याचा, त्या बारीक कोळंबीचा, वास आला आणि मला मळमळलं. त्या वासाने लोकांची भूक चाळवते, मला माझा पहिला ऑसिलोस्कोप आठवतो.

रेडिओ दुरुस्ती शिकत होतो तेव्हा विजेची लाट पडद्यावर दाखवणारं ते यंत्र घ्यायला मी ठाण्याला गेलो होतो. दुकानात दोन होते. एक नवा, वहीएवढा, हलका. "हा तापत नाही," दुकानदार म्हणाला. दुसरा जुना, काचेच्या नळीचा, धोंड्यासारखा जड. जड ते टिकाऊ, या आमच्या गावठी हिशेबाने मी जुना निवडला आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन घरी जामसरला आणला. दमट हवेत बिघडू नये म्हणून मी तो चालूच ठेवायचो. पडद्यावर हिरवी रेघ आणि डब्यावरची हवेची जाळी तव्यासारखी गरम.

त्या आषाढात घरात काहीच वाळत नव्हतं. एकदा शेतावरून आलो, तर आईने त्या जाळीवर सादळलेला जवळा पसरलेला. अर्धा फटींतून आत पडून चरचरत होता. खारट, कुजकट, जळका धूर नाकात शिरला आणि मी दारातच ओकलो. रेघ विझली ती विझलीच.

"आई, काय केलंस गं हे!"

"फुकट तापतंय तं म्हटला, जवळा तरी सुकंल."

त्या यंत्राचा आमच्या घरात खरा उपयोग तिनेच केला, हे आता पटतं. किळस मात्र जात नाही. कारण त्याच दिवशी दुपारी नागलीच्या भाकरीसोबत जाळीवरचा उरलेला जवळा तिने माझ्याच ताटात वाढला.

"खा रं. कसा कडक झालाय बघ."