पुन्हा एकदा सांगा ना, सर

हल्ली मी अबुधाबीतून ऑनलाइन शिकवतो. कुणी काही विचारत नाही. अशा वेळी शारजातल्या खोर फक्कानच्या त्या सिस्टर फार आठवतात.

तिथल्या हॉस्पिटलात मी डॉक्टर-नर्सना कॉम्प्युटरवर पेशंटची माहिती भरायला शिकवत होतो. रत्नागिरीकडच्या या सिस्टर पहिल्या रांगेत, चष्मा कपाळावर चढवून बसायच्या. प्रत्येक क्लिकआधी "यल्ला", म्हणजे अरबीत "चला", असं पुटपुटायच्या. शेजारी हैदराबादचे एक वयस्क डॉक्टर, कायम गप्प.

"सर, जुनी औषधं कुठं दिसतात? पुन्हा एकदा सांगा ना."

मी सांगायचो. थोड्या वेळानं तोच प्रश्न. तरुण नर्सेस हसायच्या, त्याही हसायच्या. शेवटी परीक्षा होती आणि तिच्यात नापास झालेल्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नव्हतं, त्यामुळे मला त्यांचीच काळजी वाटायची.

एका दुपारी वॉर्डात गेलो, तर बाईंची बोटं कीबोर्डवर झरझर चालत होती.

"अहो, तुम्हाला तर सगळं येतं! मग वर्गात का विचारता?"

त्या हळूच म्हणाल्या, "शेजारच्या डॉक्टरांना येत नाही हो. जन्मभर लोकांनी त्यांना विचारलं. आता सगळ्यांसमोर त्यांनी कसं विचारायचं?"

दुसऱ्या दिवसापासून मीच सगळं दोनदा सांगू लागलो.

दोघंही पास झाले. निकाल कळल्यावर डॉक्टर ताठ मानेनं त्यांच्याकडे आले. "सिस्टर, आगे कुछ समझ में न आए तो मुझसे पूछ लेना."

"जी डॉक्टरसाब, जरूर," सिस्टर म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन विचारून आल्या.