कोकरे सिस्टरांची नाणी

कोकरे सिस्टर मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझ्या तोंडात थर्मामीटर होता. रांजणगावच्या एका कंपनीत मी स्टोअरला नवीन लागले होते. अंगात कणकण होती म्हणून फर्स्ट एड रूममध्ये गेले. कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या त्या बाईंनी माझ्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला आणि लगेच एक नाणं माझ्या डोळ्यांसमोर धरलं. नाण्यावर बर्फात अडकलेलं जहाज होतं आणि पुढे केसाळ टोपी घातलेला एक माणूस.

"नीट बघून सांग," त्या म्हणाल्या, "ह्यो भ्यालाय का?"

मला बोलता येईना. मी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. "मलाबी तसंच वाटतंय," असं म्हणून त्यांनी नाणं खिशात टाकलं आणि मग माझा ताप बघितला.

नाणी जमवणारी माणसं मी पाहिली होती. पण सिस्टरांना शिवराई नको, चांदीचा रुपया नको. अनोळखी मुलखात वाट काढत निघालेलं माणूस ज्याच्यावर असेल तेच नाणं हवं. सुरुवात एका परदेशी इंजिनिअरपासून झाली होती. मशीन बसवताना त्याचा हात कापला, सिस्टरांनी टाके घातले. जाताना त्यानं एक सोनेरी अमेरिकन नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यावर एक तरुण बाई होती, पाठीला तान्हं मूल बांधलेली. मुलूख शोधायला निघालेल्या लोकांबरोबर ही मूल घेऊन चालली होती, एवढं त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं. सिस्टर त्या दिवसापासून बदलल्या, असं जुने लोक सांगत.

पुण्यात नाण्यांचं प्रदर्शन असलं की मला बरोबर घेऊन जात. होडी वल्हवणारे दोघे, कुत्र्यांच्या गाडीवरचा माणूस, नकाशावर बोट ठेवून उभा असलेला दाढीवाला. प्रत्येक नाणं उचलून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारत, "ह्यो गेला ते दिसतंय. परत आला का?"

"मॅडम, कंडिशन बघा ना, एकदम टॉप आहे."

"नाण्याचं न्हाई इचारत, माणसाचं इचारते."

विक्रेता माझ्याकडे बघायचा, मी दुसरीकडे. घरी गोळ्यांचे दोन रिकामे डबे होते. परत आलेल्यांचा एक, न आलेल्यांचा एक. हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणत, "मला तरी कुठं कळतंय? हातात धरलं की बरं वाटतं."

एका दुपारी गर्दी नव्हती तेव्हा त्या आपणहून बोलल्या. "माझ्या कागदावर जन्मगाव निमोणे हाय. ते खोटं हाय बघ. मी वाटंत झाले."

त्यांचे आईवडील मेंढरं घेऊन फिरायचे. सिस्टर लहान असताना कुटुंब निमोण्यात शेती करून राहिलं. आई लवकर गेली. मुलगी कुठे झाली ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. त्या वेळच्या चालणाऱ्यांपैकी एक चुलता तेवढा उरला होता, बिरूआबा. आबांना आता दिसायचं कमी झालं होतं आणि ते माणसांची नावं चुकायला लागले होते. "आबा गेले की संपलं," सिस्टर म्हणाल्या. त्या वेळी त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

एका रविवारी ती जन्माची जागा शोधायला सिस्टरांनी आपली जुनी गाडी काढली. आबा पुढे, मी मागे. भीमेचा पूल ओलांडून आम्ही दौंड तालुक्यात उतरलो. आबा सांगत होते माळ, वढा, लिंबाचं झाड. बाहेर नुसता ऊस. भांडगावच्या अलीकडे आबांनी काठी आपटली. "हितंच!"

समोर गोदामाची भिंत होती. सिस्टर उतरल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. मी फोटो काढला. थोडं पुढे शेवंतीच्या मळ्यापाशी आबा म्हणाले, "ते न्हवं. हितं." सिस्टर पुन्हा उतरल्या. पुढे कालव्यावर "आता बरुबर, हितंच" झालं, तेव्हा त्यांनी गाडी बंद केली आणि तशाच बसून राहिल्या.

"आबा, खरं सांगा. तुम्ही बघितलं व्हतं का?"

आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. म्हणाले, "न्हाई गं. आम्ही गडी मेंढरांम्होरं. बायका मागनं यायच्या. तुझी आई सकाळी आमच्यासंगं निघाली, आन् सांच्याला तळावर आली ती तुला पदरात घिऊन. कुठं बसली, नाळ कुणी कापली, आम्ही इचारलंच न्हाई."

"मग समदीकडं हितंच का म्हंता?"

"तू येवढ्या आशेनं गाडी काढलीस. न्हाई कसं म्हणू?"

सिस्टरांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. खांदे हलत होते. त्या हसत होत्या की रडत, ते मला आजही सांगता येणार नाही. नंतर कालव्याच्या कडेला बसून आम्ही भाकरी खाल्ली आणि त्यांनी आबांना कांदा फोडून दिला.

त्यानंतर दोन्ही डब्यांतली नाणी एकत्र झाली. विक्रेत्यांना विचारायचा प्रश्नही बदलला. "ह्याच्या मागनं कोण चालत व्हतं?" विक्रेते आता जास्तच गोंधळायचे.

रिटायर झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की दिवाळीनंतर एका चुलतभावाच्या कळपाबरोबर चालायला जाणार. त्यांच्या मुलाचा मला फोन आला. "मॅडम, आजोबांनी हे सोडून शेती धरली, आईला शिकवलं. आणि आता ही पुन्हा मेंढरांमागे? तुम्ही तरी समजवा."

मी गुडघ्यांचा विषय काढला. "गुडघ्यांना इचारलंय मी," सिस्टर म्हणाल्या आणि गेल्या.

एका दुपारी त्यांचा फोन आला. मागे वारा, कुत्री आणि बारीक रडणं. "शेजारच्या कळपातल्या सुनेला कळा लागल्या. दवाखान्याच्या गाडीला फोन केला, पर गाडीला वाट घावंना. मीच मोकळी केली. पोरगी झाली. दोघी चांगल्या हायत. तुला लोकेशन धाडलंय, जपून ठेव."

"मी कशाला, सिस्टर?"

"माझ्या फोनचा काय भरवसा? पोरगी उद्या इचारील, मी कुठं झाले म्हणून."

"पण पोरगी कुणाची?"

नेटवर्क गेलं. परत आल्यावर विचारीन, असं मी ठरवलं. सिस्टर परत आल्या. मी शिरूरच्या माझ्या घरून त्यांना भेटायला निमोण्याला जाणार होते, त्याच सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या. तो एकसारखा म्हणत होता, "काल तर चहा पिऊन हसत होती."

त्या सुनेचं नाव चुलतभावालाही माहीत नाही. तळ दोन दिवस शेजारी पडला, मग वाटा वेगळ्या झाल्या. लोकेशन माझ्याकडे आहे. उघडलं की एका नुसत्या शेतात लाल खूण दिसते, आसपास गावाचं नावही नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी निमोण्याच्या रस्त्याला थांबले होते. एक कळप आला. मागून बायका येत होत्या, त्यातल्या एकीला मी थांबवलं. म्हटलं, "कोकरे सिस्टरांच्या हातून वाटेत झालेली एक पोरगी तुमच्यात आहे का? ती कुठे झाली ते मला माहीत आहे."

तिला काही उमगेना. तिनं मला खालीवर न्याहाळलं, मग हसली.

"ताई, आमच्यातल्या समद्याच वाटंत झाल्यात," ती म्हणाली. "तुमाला त्यातली कंची पायजे?"

मी फोनवरची लाल खूण तिच्यासमोर धरली. तिनं ती बघितली, आणि मग मागे राहिलेल्या एका कोकराला हाकत निघून गेली.