सोनाअक्काचं नाकातलं तेल

२०२३ साल. माझी थोरली बहीण सोनाअक्का तेव्हा अठ्ठ्याहत्तरची, मी बहात्तरचा. टेंभुर्णीत तिच्या घरी कोणी गेलं, की पाणी द्यायच्या आधी ती त्याला ओसरीत आडवं करायची आणि नाकात करडईचं तेल सोडायची. जावई असो नाहीतर तलाठी. "नाक सुकलं की माणूस सुकलं," म्हणायची. मीही रोज दुपारी तिच्याकडे जेवून तिच्या मांडीवर डोकं द्यायचो, नाकात तेल घालून घ्यायचो. ह्या वयात.

स्वतः तर जेवली की उताणी पडून नाकात तेल ओतायची. आंबट पाणी घशाशी यायचं, छाती जळायची. मग त्यावर आणखी तेल. "पोटातली चूल हाय, इझवून राह्यले," म्हणून हसायची.

पावसाळा सरताना खोकला लागला. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, ताप हटेना. चुलीपासून दारापर्यंत यायची तर भिंत धरायची. तिच्या मुलानं जालन्याला नेलं, मी सोबत. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला. खाली सगळं पांढरं. नाकात काही घालता का, विचारलं. लहानपणापासून, अक्का ताठ मानेनं म्हणाली. ते तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलंय, बाई म्हणाल्या, आडवं पडलं की पोटातलं आंबटही तिकडंच जातं. त्यानंच सूज आली. तेल बंद, जेवून लगेच पडायचं नाही.

मी चारच बुकं शिकलेला, पण एवढं मला कळलं. माझ्याही नाकात रोज तेच तेल जात होतं. बाईंना स्वतःचं काही विचारलं नाही. माझ्यासारखा माणूस विचारतो का?

परतताना अक्का म्हणाली, "त्या पोरीचं नाक पाह्यलं का? कोरडं ठाक." घरी पुन्हा तेलाची वाटी निघाली. मी ती धरली तर भांडली. "तू मला शिकवतो? तुझा शेंबूड मी पुसलाय."

"अक्का, मला भ्या वाटून राह्यलं."

असं मी तिच्यापुढं कधी बोललो नव्हतो. तिनं वाटी सोडली. "मंग आधी बोलायचं न्हाई का?"

पण छाती भरलेलीच राहिली. दिवाळीच्या अगोदर एका दुपारी, पाठीला गोधड्या लावून बसल्या बसल्या तिचा श्वास तुटत गेला. माझं मनगट धरून एवढंच म्हणाली, "बापू, तुझी छाती त्या पोरीला दाखीव."

अक्का गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला येणारी माणसं ओसरीत जमत होती. स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढायची लाज वाटणारा मी, सुतकात, कोणाला न सांगता जालन्याची पहिली एसटी धरली. आणि छातीचा फोटो काढायच्या यंत्राच्या गार पत्र्याला उघडी छाती लावून, श्वास रोखून उभा राहिलो.