दुपारची बाई

मी रहस्यकथा आणि भयकथा लिहिते म्हटलं की लोक आधी माझ्याकडे नीट निरखून बघतात. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी नेते, केस घट्ट बांधते आणि कुणाशी फारसं मोठ्याने बोलत नाही. एका प्राध्यापकांनी माझी दिवाळी अंकातली कथा वाचल्यावर हळूच विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक होतं. घरी मी आणि माझी आत्या, दोघीच. आई-वडील गेले, भाऊ पुण्याला स्थायिक झाला. आत्या वरच्या खोलीत राहायची. त्या खोलीला गल्लीकडे उघडणारी एक निळी खिडकी होती आणि जेवण झाल्यावर तिथे बसून लसूण सोलणं हा तिचा आवडता उद्योग होता.

असल्या भुताखुनांच्या पुस्तकांची चटक मला शाळेत असतानाच लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चपलांचं दुकान होतं आणि त्याच्या मागच्या अर्ध्या भागात वाचनालय चालायचं. तिथे खिशात मावतील एवढ्या पुस्तकांच्या चळती असायच्या. कागद पिवळा आणि खरखरीत, शिवण सुटलेली. मुखपृष्ठावर एक किंचाळणारी बाई आणि तिच्या गळ्याकडे येणारा हिरवा हात. आत बहुतेक वेळा हिरवा हात नसायचाच. गुप्तहेर रेनकोटची कॉलर वर करून धुक्यात उभा असायचा. सोलापुरात धुकं कुठलं आणि आमच्या ओळखीत रेनकोट तरी कुणाकडे होता? तरी मी त्याच्या मागे त्या धुक्यात खुशाल हिंडायचे. शेवटची पानं फाटलेली पुस्तकं मी मुद्दाम मागून घ्यायचे, कारण मग खुनी कोण ते मला ठरवता यायचं. लिहायला मी तिथेच शिकले.

एका गोष्टीवरून मात्र माझं त्या पुस्तकांशी भांडण होतं. त्यांत भीतीदायक असं सगळं रात्री घडायचं. सोलापूरची मे महिन्यातली दुपार त्या लेखकांनी कधी पाहिलेली दिसत नव्हती. गल्लीत चिटपाखरू नसतं, पत्रे तापून तडतडतात, पलीकडच्या पेठेतून यंत्रमागांचा खटखटाट येत असतो आणि वीज गेली की तोही एकदम थांबतो. त्या शांततेत कुणी हाक मारली तर काय होईल, हा विचार मला रात्रीच्या कुठल्याही भुतापेक्षा जास्त घाबरवायचा. माझ्या बऱ्या जमलेल्या सगळ्या कथा दुपारी घडतात.

या वेडातली माझी मैत्रीण मला रद्दीवाल्यामुळे भेटली. मी त्याच्याकडे जुनी पुस्तकं चाळायला जायचे. एकदा तो म्हणाला, "आपा, तुमारे जैसी एक मॅडम और आती. भूत की किताबां ढूंडती." पुढच्या रविवारी त्याने आम्हा दोघींना समोरासमोर उभं केलं. ती मूळची मोडनिंबची, लग्न होऊन सोलापुरात आलेली, शाळेत मराठी शिकवणारी. वर्गात ती शुद्ध बोलायची, माझ्याशी मात्र गावाकडचं. पहिल्याच दिवशी आम्ही रद्दीवाल्याच्या बाकावर बसून एका जुन्या कथेतला खून कसा अशक्य आहे यावर इतका वेळ वाद घातला, की त्याने आम्हाला चहा पाजून घरी पाठवलं.

पुढची कितीतरी वर्षं आमचे रविवार तसेच गेले. ती लिहायची नाही, पण तिच्याइतकं चांगलं ऐकणारं माणूस मी पाहिलं नाही. कुठलीही नवी कथा कागदावर उतरवण्याआधी मी तिला तोंडी सांगायचे. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच हात वर करायची. "हितं मला भीती न्हाय वाटली," म्हणायची. तिथे खरंच काहीतरी कच्चं असायचं. आमच्या पुस्तकांचा साठा तिच्या घरच्या कपाटात होता, कारण तिच्याकडे जागा जास्त होती. कुठली कुणाची, हे आम्ही कधी बघितलं नाही.

एकदा नातेपुत्याला एक जुनं वाचनालय बंद होत असल्याचं तिला कळलं. आम्ही एसटीने गेलो आणि दोन पोती भरून पुस्तकं आणली. नातेपुते म्हणजे माझ्या आत्याचं सासर. बाजारातून स्टँडकडे येताना तिच्या त्या घराची गल्ली लागली. मी बघितलं आणि गप्प झाले. बसमध्ये बसल्यावर मैत्रिणीने विचारलं, "काय झालं गं?" आणि जे मी आजवर कुणाजवळच बोलले नव्हते ते तिला सांगितलं.

आत्याला लग्नानंतर एक मुलगी झाली होती. ती वर्षाची व्हायच्या आत तापाने गेली. त्यानंतर आत्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही आणि सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. मी लहान होते. दुपारी सगळे झोपले की वरच्या खोलीतून तिचा आवाज यायचा. "थांब, आलेच." इतक्या प्रेमाने म्हणायची की वाटावं, वर खरंच कुणीतरी रडतंय. मी जिन्याखाली पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि वर बघायची माझी छाती व्हायची नाही. पुस्तकातली भीती शेवटच्या पानावर संपायची, म्हणून मी एकामागून एक पुस्तकं वाचत सुटले. पुढे औषधं लागू पडली, आत्या शांत झाली, स्वयंपाक करू लागली, मालिका बघू लागली. तरी अजूनही एखाद्या दुपारी ती लसूण सोलता सोलता मान वर करते आणि म्हणते, "थांब, आलेच." आता मला भीती वाटत नाही.

मैत्रिणीने माझा हात धरला होता. मला वाटलं, किती बरं केलं सांगितलं ते.

मग तिने भयकथांचं यूट्यूब चॅनेल काढलं. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात गोधड्या लावून ती आत बसायची आणि मोबाईलवर रेकॉर्ड करायची. सुरुवातीला माझ्याच कथा वाचल्या, माझं नाव घेऊन. तिचा आवाज असा होता की माझीच वाक्यं मला नवी वाटायची. लोक ऐकू लागले. पण खाली कमेंटमध्ये प्रत्येक जण एकच विचारायचा, ही घटना खरी आहे का? एकदा ती म्हणाली, "तुझ्या कथा खऱ्या घटना म्हणून टाकू या का? लई ऐकतील."

"नको," मी म्हणाले. "आपण खोटं सांगतो आणि खोटं आहे म्हणूनच सांगतो. ते ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्यातच तर मजा आहे."

"बरं बाई," म्हणून ती हसली. मला वाटलं, विषय संपला.

त्यानंतर तिचं माझ्याकडे येणं कमी झालं. शाळेचं काम वाढलं असेल, असं मी धरून चालले.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या मैत्रिणीचा नवीन भाग ऐकलात का? आपल्या सोलापूरचाच आहे." तिने मोबाईल टेबलावर ठेवला. भागाचं नाव होतं 'दुपारची बाई'.

"ही घटना शंभर टक्के खरी आहे," मैत्रिणीचा आवाज आला. मग आमची पेठ आली. देवळामागची गल्ली आली. निळी खिडकी आली. जिन्याखाली पुस्तक घेऊन बसलेली एक पोर आली. आणि मग वरून हाक आली, "थांब, आलेच."

सांगायलाही नको वाटतं, पण अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत मी जी गोष्ट लिहू शकले नव्हते ती तिने अशी सांगितली होती की समोरच्या मुलीचा घास हातातच राहिला होता. मागांचा आवाज बंद पडतो ती जागा तर तिने अचूक धरली होती. पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं, तरी मी शेवटाची वाट बघत होते. शेवटी तिने सांगितलं, ते मूल तापाने गेलंच नव्हतं. ते आईच्याच हातून गेलं होतं. म्हणून ती बाई अजून खिडकीत बसून दुसऱ्यांच्या मुलांना हाका मारते.

"काय भारी आहे ना, मॅडम?" मुलगी म्हणाली.

मी मैत्रिणीला फोन केला. तिने उचलला नाही. 'वर्ग चालू आहे, नंतर बोलते,' एवढा मेसेज आला. ते नंतर काही आलं नाही.

आला तो रविवार. दुपारी मी मागच्या मोरीत कपडे धूत होते. आत्याने नुकतीच न्हाऊन केस मोकळे सोडले होते आणि ती वर बसली होती. बाहेरून पोरांचा दबका हसण्याचा आवाज आला आणि मग त्यांच्यातला एक जण खिडकीकडे तोंड करून बायकी आवाजात ओरडला, "थांब, आलेच."

मी हात पुसत बाहेर येईपर्यंत आत्या जिना उतरली होती. तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, पण त्या दिवशी ती भरभर उतरली आणि तिने दार उघडलं. समोर कॉलेजातली म्हणावीत अशी चार-पाच पोरं मोबाईल धरून उभी होती. पांढरे मोकळे केस बघून ती सगळी किंकाळ्या फोडत पळाली. एकाची चप्पल दारातच राहिली.

आत्या चपलेकडे बघत उभी होती. "मला बघून पळाली का गं ती?" तिने विचारलं. "मी रागावले नव्हते काही."

"खेळत होती ती," मी म्हणाले.

"त्यांनी हाक मारली. मला वाटलं..." एवढं म्हणून ती थांबली. मी तिला धरून आत आणलं.

संध्याकाळी मी मैत्रिणीच्या घरी गेले. ती दार उघडून बाजूला झाली, बहुतेक माझी वाटच बघत असावी. चहा ठेवायला निघाली, मी नको म्हणाले.

"मी नाव घेतलं का?" तिने आधीच सुरुवात केली. "गावसुद्धा बदललं की. नातेपुत्याचं सांगोला केलं."

"खिडकी निळी आहे हे सांगितलंस. गल्ली सांगितलीस. आज पोरं आली होती दारात."

"ते मला ठाऊक न्हवतं," ती म्हणाली. "पण तूच म्हणायचीस ना, बारीकसारीक गोष्टी खऱ्या पाहिजेत, त्याबिगर भीती बसत न्हाय."

"मूल तिने मारलं, असं का केलंस?"

तिने खाली बघितलं. मला वाटलं, आता रडेल. पण ती विचार करत होती, एखाद्या कथेचा कच्चा भाग शोधताना करायची तसाच.

"त्याशिवाय शेवट होत न्हवता," ती म्हणाली.

मला जे सर्वांत जास्त लागलं ते हे, की ती खोटं बोलत नव्हती. तापाने गेलेलं मूल आणि वेडी झालेली आई, यात भयकथेला शेवट नाही. मला तो सापडला नव्हता म्हणूनच मी लिहिलं नव्हतं, की आत्या वर बसलेली होती म्हणून, हे मी त्या क्षणी मलाच विचारलं. आत्या बसलेली होती म्हणून. याबद्दल मला शंका नाही.

"तू असतीस तर काय केलं असतंस?" तिने विचारलं.

"सांगितलीच नसती."

"मग वायाच गेली असती की एवढी गोष्ट."

"ती गोष्ट नव्हती गं," मी म्हणाले. "मी तुला बसमध्ये माझ्या घरातलं सांगत होते."

"काढते मी तो भाग," एवढंच ती म्हणाली. काढला तिने, पण लगेच नाही. तोवर दुसऱ्या कुणीकुणी तो उचलून आपापल्या चॅनेलवर टाकला होता, एकाने तर मागे पैंजणांचा आवाजही घातला होता.

मी खिडकीला तपकिरी रंग दिला आणि आत्याला मागच्या खोलीत हलवलं. तिथे तिला आवडत नाही. तिथून फक्त शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते. खिडकीचा रंग का बदलला, हे तिने एकदा विचारलं, मी वाळवी लागली होती म्हणून सांगितलं. काही दिवसांनी एक रिक्षावाला दारात येऊन पोती उतरवून गेला. मैत्रिणीने कपाटातली पुस्तकं पाठवली होती, सगळीच्या सगळी, तिचीसुद्धा. ही माफी होती की आता तिला त्यांची गरज उरली नव्हती, ते मला कळलं नाही. चिठ्ठी नव्हती.

मी लिहिते अजून. पण आता कथा आधी कुणालाच सांगत नाही. गेल्या दिवाळीत अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवताना फोनवर म्हटलं, भाषा छान आहे, पण या वेळी भीती कमी पडते. कुठे कमी पडते, हे त्यांना सांगता आलं नाही.

परवा नव्या पेठेत ती समोरूनच आली. गर्दीत वळून जायला जागा नव्हती.

"आत्या कशा हायत?" तिने विचारलं.

"बऱ्या आहेत."

"नवीन काय लिहिलंस?"

"काही नाही," मी म्हणाले.

ती मान हलवून पुढे गेली. खरं तर दोन कथा लिहून झाल्या होत्या. त्यातल्या एकीत मधे कुठेतरी काहीतरी ढिलं पडतंय, हे मला जाणवत होतं, आणि ते नेमकं कुठे, हे तिने ऐकता क्षणी सांगितलं असतं.