टेफ्लॉनवरची खूण

कोणतीही वस्तू हातात आली की शेजारचे काकाजी आधी तिच्यात अंगठ्याचे नख रुतवीत, मनात पाच मोजत आणि नख काढून वाकून पाहत. खूण भरून आली तर वस्तू पास. "दाब काढला का खूण गेली पायजे," हा त्यांचा एकमेव निकष, आणि तो ते चपलेच्या टाचेपासून पावापर्यंत सर्वत्र लावत. असा माणूस तुम्हीही बाजारात पाहिला असेल. दिग्रसचा पेरूवाला तर त्यांना लांबूनच ओळखे. "काकाजी, हात मांगं घ्या! तुमच्या नखापायी माह्या पेरूले गिऱ्हाईक भेटत नाही."

ही सवय धंद्यातून आली होती. ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्राच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या असतात आणि एक पोलादी पट्टी त्यांच्यावर सतत दाबलेली असते. चेपून तशीच राहणारी चकती हंगामभरही टिकत नाही. तिथे नखाची परीक्षा इतकी अचूक ठरे, की त्यांच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय मालक नवा माल उतरवून घेत नसे.

आमचे घर त्यांच्या घराला लागून. मी हृदयाच्या झडपांसाठीच्या कृत्रिम पडद्यांवर संशोधन करते. ते पडदे यंत्रावर अखंड उघडत-मिटत ठेवायचे आणि कुठे फाटतात ते पाहायचे, हे माझे काम. "म्हंजे तू बी फिटरच," असे ते म्हणाले होते. मला ते तेव्हा आवडले नव्हते.

त्यांच्या धाकट्या मुलीचे हृदय जन्मतःच सदोष होते. तान्ही असताना शस्त्रक्रिया झाली. आतले छिद्र बुजवले, फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद केली; पण त्या वाटेवरची झडप त्यात निकामी झाली. पंधराव्या वर्षी मुलगी जिना चढताना मध्येच बसू लागली. उलट येणाऱ्या रक्ताने हृदयाचा उजवा कप्पा फुगत चालला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी टेफ्लॉनच्या पातळ पडद्याची झडप सुचवली, तारीख दिली आणि फार थांबू नका, असेही बजावले.

सुट्टीत घरी येताना मी त्याच पडद्याचा बोटभर तुकडा त्यांना दाखवायला आणला. मी आत जाऊन चहा घेऊन येईपर्यंत त्यांची परीक्षा उरकली होती.

"हे पाह्य." पांढऱ्या तुकड्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटली होती. "पाच मोजले, पन्नास मोजले. नाही गेली. असलं माह्या पोरीच्या छातीत बसवून राह्यले?"

"काकाजी, तिथं कोणी नख लावत नाही."

"तुले काय मालूम? तू गेलती का अंदर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली. काकूंनी मला अंगणातच गाठले. "त्यायले तूच दाखवलं, आता तूच निस्तर वं. पोरगी रात-दिवस दमून राह्यली."

दोष माझ्या मांडणीत होता. टेफ्लॉन चेपले की चेपलेलेच राहते, हे मला ठाऊक होते. तो तुकडा आत कोणते काम करणार, हे मात्र मी त्यांना आधी सांगितले नव्हते. रोलर दाब सोसतो, झडपेचा पडदा वाकतो. हे बोलून पटण्यासारखे नव्हते, म्हणून मी त्यांना नागपूरला, आमच्या प्रयोगशाळेत नेले.

काचेच्या नळीत पाण्याच्या प्रवाहाबरोबर पडदा उघडत-मिटत होता. ते स्टूल ओढून समोर बसले आणि जेवणाची वेळ टळली तरी उठले नाहीत. मध्येच पंपाला कान लावत.

"फाटते कुठून?"

"वाकतो त्या कडेपासून. कधी त्यावर चुना साचतो आणि पडदा ताठ होतो."

"किती वर्सं चालन?"

धीर देणारे उत्तर माझ्याजवळ तयार होते. मी ते दिले नाही. "खात्रीनं सांगता येत नाही. पण पुढे कधीतरी झडप बदलावी लागेल."

ते स्टुलावरच माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "झूट बोलली असती, तर असाच उठून घरी गेलो असतो. जो फिटर 'कधीच बिघडत नाही' म्हणते, त्याले मी मशीनले हात लावू देत नाही. लाव फोन डॉक्टरले."

झडप बसली. शुद्धीवर आलेल्या मुलीच्या उशाशी ते उभे होते आणि टक लावून मॉनिटरवरची रेघ पाहत होते. "बाबा," ती क्षीण आवाजात म्हणाली, "मी इकडं हाओ. मशीन काय पाहून राह्यले!"

गेल्या हिवाळ्यात ते गेले. उभ्या आयुष्याची रुईची धूळ त्यांच्या फुप्फुसांत साचली होती, आणि तिथे बसवता येईल असे माझ्या प्रयोगशाळेत काही नव्हते.

पंधरा दिवसांपूर्वी मुलीच्या तपासणीसाठी आम्ही तिघी दिग्रसच्या बसस्थानकावर उभ्या होतो. यवतमाळची एसटी फाटकातून आत वळताच मुलगी धावत सुटली. "अवं, हळू!" काकू ओरडल्या. गाडी थांबायच्या आत तिने खिडकीतून ओढणी टाकली आणि गर्दीत घुसून वर चढली. आम्ही दारापाशी पोहोचलो, तेव्हा आपली पिशवी तिथे ठेवू पाहणाऱ्या एका गृहस्थाशी ती तीन जागांसाठी कडाक्याने भांडत होती, आणि दम घ्यायला एकदाही थांबत नव्हती.